सिंगापूरचा शेवटचा दिवस: मैत्रीण मुस्तफात, आम्ही बागेत. चुकलं कोणाचं?

कोथरूडची_काकू
लोकहो, स्पष्ट मतं हवीयेत, गोड बोलायची गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं मिळून सिंगापूरला जाऊन आलो, आम्ही चौघं आणि माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडचे चौघं. मैत्री २२ वर्षांची. सहा दिवस मस्त गेले, सेंटोसा काय, गार्डन्स बाय द बे काय, पोरं तर कुठल्या रूममध्ये झोपलीत हे शोधावं लागायचं. बिनसलं ते शेवटच्या दिवशी.

विमान रात्री ८ चं, चेकआऊट ११ ला, बॅगा हॉटेलच्या लॉबीत ठेवल्या, म्हणजे हातात पाच-साडेपाच तास. तिचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं की शेवटी मुस्तफा, म्हणजे लिटल इंडियातलं ते खरेदीचं भलंमोठं दुकान. मला बोटॅनिक गार्डन बघायचंच होतं. १८५९ पासूनची बाग, २०१५ ला युनेस्कोच्या यादीत गेली, तिकीट नाही, आणि त्यांच्या ५ डॉलरच्या नोटेवर जे झाड छापलंय ना, ते टेम्बुसूचं झाड तिथेच उभंय. माझा धाकटा आठवडाभर ती नोट खर्चू देत नव्हता, त्याला ती झाडासमोर धरून फोटो काढायचा होता.

तर मी म्हणलं, तुम्ही खरेदी करा, आम्ही बागेत जातो, साडेचारला लॉबीत भेटू. तिचा चेहराच पडला. "शेवटचा दिवस आहे गं, एकत्र नको का?" मी म्हणलं अगं सहा दिवस एकत्रच तर होतो. झालं. विमानात आमच्या चार रांगा पुढे बसलेली, साडेपाच तासात एकदा वळून पाहिलं नाही. येऊन तीन आठवडे झालेत, ग्रुपवर नुसते फोटो येतात, तेही तिच्या नवऱ्याकडून.

माझं मत, शेवटचा दिवस ज्याचा त्याचा असावा. बोला.

बेफिकीर_बाप
शंभर टक्के सहमत. आठ माणसं घेऊन फिरायचं म्हणजे साधी कॉफी प्यायची तरी मीटिंग घ्यावी लागते, एकाला वॉशरूम, एकाला भूक, एकाचा मोबाईल चार्ज नाही, आणि सहाव्या दिवसापर्यंत प्रत्येकाला दुसऱ्याच्या नवऱ्याच्या जोक्सचा कंटाळा आलेला असतो (मी तोच नवरा आहे आमच्या ग्रुपमधला, मला माहितीये). चार तास वेगळे गेलात तर मैत्री तुटते का? तुटत असेल तर ती आधीच तुटलेली होती.

सुगरण_ठाणे
तुटत नाही पण लागतं मनाला. पंगतीत मठ्ठा यायच्या आत पान सोडून उठल्यासारखं आहे हे. मधल्या दिवशी वेगळे गेला असतात तर तिला काहीच वाटलं नसतं, पण शेवटच्या दिवशीच का? आणि बाग काय हो, पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे की.

कोथरूडची_काकू
@सुगरण एम्प्रेस गार्डनला पन्नास वेळा गेलेय, सिंगापूरला परत कधी जाणारे मी? आणि मुस्तफातलं सगळं आता इकडे ऑनलाईन मिळतं.

सुगरण_ठाणे
मिळतं ना. पण तिला ते *तुमच्याबरोबर* घ्यायचं होतं. तू हा रंग बघ, मी तो बघते, हे वन्संना चालेल का, ते जावेला नको. आम्हा बायकांची अर्धी ट्रिप त्यातच असते, तुम्हाला हे मी सांगावं?

सिंगापुरी_वांगी
नऊ वर्षं इथे राहतोय म्हणून बोलतो, तुमचं भांडण मुळात व्हायलाच नको होतं. डाऊनटाऊन लाईनवर बोटॅनिक गार्डन्स पासून लिटल इंडिया तिसरं स्टेशन, मध्ये फक्त स्टीव्हन्स आणि न्यूटन. बाग पहाटे ५ ला उघडते, मध्यरात्री बंद होते, तिकीट लागतं ते आतल्या ऑर्किड गार्डनचं. सकाळी ७ ला सगळे बागेत जा, ९ ला टेक्का सेंटरला येऊन इडली-डोसा खा, हॉटेलवर जाऊन चेकआऊट करा, मग चालू द्या मुस्तफा. नोव्हेंबरात दुपारी धो धो पाऊस असतो, दुपारी बागेत जाणं हाच मुळात पर्यटकपणा.
अवांतर: या बागेचा पहिला डायरेक्टर हेन्री रिडले रबराची झाडं लावा म्हणून मळेवाल्यांच्या इतका मागे लागायचा की लोक त्याला मॅड रिडले म्हणायचे. पुढे मलायाभर रबरच रबर झालं.

कोथरूडची_काकू
@सिंगापुरी_वांगी सकाळी ७ म्हणजे आमच्या घड्याळात पहाटेचे साडेचार हो! पोरं साडेनऊशिवाय डोळे उघडत नव्हती. बाकी पाऊस लागला हे खरंय. फोटोत नोट ओली आहे.

तिरकस_तात्या
एक भाबडा प्रश्न. ताई, तुमची खरेदी कधी झाली? सहा दिवस सेंटोसा आणि सातव्या दिवशी बाग. घरी परत येताना शेजारीपाजारी, कामवाल्या मावशी, सासूबाई यांना काय, ऑर्किडची पानं दिलीत?

कोथरूडची_काकू
थोडी खरेदी झाली होती.

तिरकस_तात्या
कुठे?

कोथरूडची_काकू
बरं सांगते. मी तिला लिस्ट दिली होती. ती जाणारच होती ना तिकडे, म्हणून. सासूबाईंसाठी टायगर बाम, चॉकलेटं, दोन परफ्यूम, दिरांना एक घड्याळ आणि एक ट्रॉली बॅग. छोटी.

बेफिकीर_बाप
मी माझी सहमती मागे घेतो 😂

सुगरण_ठाणे
अगं बाई!! म्हणजे तिने एकत्र चल म्हणून विनवायचं, तुम्ही नाही म्हणायचं आणि वर हातात यादी द्यायची? मी असते तर विमानातच काय, बॅगेज बेल्टवर पण वळून बघितलं नसतं.

हिशोबनीस
यात एक टेक्निकल मुद्दा कोणी बघितला नाही. तिकडे ९ टक्के जीएसटी आहे, पर्यटकाला १०० डॉलरच्या वर खरेदी असेल तर एअरपोर्टवर परत मिळतो (थोडी प्रोसेसिंग फी कापून). पण दुकानात पासपोर्ट दाखवून बिल करावं लागतं, आणि ज्याच्या पासपोर्टवर खरेदी त्यानेच माल देशाबाहेर न्यायचा असतो. म्हणजे तुमचं सगळं सामान तिच्या नावावर, तिच्या बॅगेत. आणि माल चेक-इन बॅगेत जाणार असेल तर बॅग देण्याच्या *आधी* मशीनवर क्लेम करायचा, कस्टमवाले म्हणाले तर बॅग उघडून दाखवायची. तेव्हा तुम्ही कुठे होता?

कोथरूडची_काकू
ज्वेलमध्ये, एअरपोर्टला लागूनच मॉल आहे तो. तिथला धबधबा बघायला. ४० मीटरचा आहे, इमारतीच्या आत एवढा उंच जगात दुसरा नाही, पोरं हटत नव्हती तिथून.
आम्ही चेक-इनला पोचलो तेव्हा तिची बॅग जमिनीवर उघडी होती आणि ती वजन जास्त झालं म्हणून सामान लेकाच्या सॅकमध्ये भरत होती. मला तेव्हा वाटलं, बघा किती खरेदी केलीये बाईने. खरंच असंच वाटलं, आता लिहिताना लाज वाटतेय.

नागपुरी_तडका
थांबा बे सगळे, एवढं काय फाशी देऊन राहिले तिला. लिस्ट घेतली ना मैत्रिणीने? नको असती तर नाही म्हणायचं होतं. बावीस वर्षांच्या मैत्रीत 'मला जमत नाही' एवढं बोलता येत नसेल तर दोष दोघींचा आहे. आणि पोराचा झाडासमोरचा फोटो पंचवीस वर्षांनी पण राहीन, परफ्यूम दिवाळी ते होळी संपते. बाग बरोबरच होती.

सुगरण_ठाणे
@नागपुरी मैत्रिणी नाही म्हणत नाहीत हो. चेहरा पाडतात. तो वाचायचा असतो.

नागपुरी_तडका
मग आम्ही काय चेहरे वाचाचा क्लास लावावा का

सिंगापुरी_वांगी
तरी तिसरंच स्टेशन होतं हो.

कोथरूडची_काकू
वाचतेय सगळ्यांचं. बागेत गेले ते चुकलं असं अजूनही वाटत नाही, खोटं कशाला बोलू. लिस्टचं मात्र चुकलं. निदान परत येऊन तासभर तरी तिच्याबरोबर दुकानात उभी राहायला हवी होते, आमचं हॉटेल मुस्तफापासून चालत दहा मिनिटांवर होतं. रात्री फोन करते तिला.

तिरकस_तात्या
फोन करा, पण आधी सांगा, सामानाचे पैसे दिलेत का?

कोथरूडची_काकू
तिने ट्रिपच्या हिशोबाच्या अॅपमध्ये टाकलेत. आत्ता उघडून बघितलं. सगळ्या वस्तू वेगवेगळ्या लिहिल्यात, जीएसटी परत मिळाला तो वजा केलाय, आणि जास्तीच्या वजनाचे पैसे कुठेच लावलेले नाहीत.