मदत हवी आहे: कुत्रा गेला, रविवारी नवीन पिल्लू आणायचंय. लॅब की बीगल?

तिरपागडा:
आमचा बंड्या नुकताच गेला. घर खायला उठलंय. मुलगी कोणाशी धड बोलत नाही. रविवारी पिल्लं बघायला जातोय, दोन ठिकाणी बोलणं झालंय. प्रश्न एकच, लॅब घ्यावा की बीगल? "वेळ घ्या, दुःख पचवा" नको, ते नातेवाइकांचं सांगून झालंय. लवकर सांगा.

सोनचाफा:
वाचून वाईट वाटलं. बंड्या केवढा होता? कशाने गेला? मुलगी किती वर्षांची?

हुप्प्या:
बीगल अजिबात नको. नाक जमिनीला लागलं की कान बंद, हाका मारत बसा. भावाकडे आहे म्हणून सांगतो. लॅब घ्या, डोळे मिटून.

मीच_ती:
लॅब काय शांत जन्माला येतो? लहानपणी दिसेल ते चावून ठेवतो, आणि केस तर जन्मभर. मुळात विकत कशाला घ्यायचा? दत्तक घ्या.

हुप्प्या:
झालं सुरू. त्यांनी लॅब की बीगल विचारलंय, प्रवचन नाही मागितलं.

आजोबा_ऑनलाइन:
त्याच रंगाचं पिल्लू आणावे व तेच नाव ठेवावे. मुले लगेच विसरतात. आमच्याकडे सगळे कुत्रे राजाच होते.

सोनचाफा:
काका, मुलं विसरत नाहीत, गप्प बसतात. आणि नवा बंड्या जुन्यासारखा वागला नाही की राग त्या बिचाऱ्या पिल्लावर निघतो. तिरपागडा, मुलीला "तो झोपलाय" वगैरे सांगू नका, लहान मुलं मग स्वतः झोपायला घाबरतात. मेला, आता परत येणार नाही, असं सरळ सांगा. बाकी माझे प्रश्न तसेच आहेत.

तिरपागडा:
मुलगी सहा वर्षांची. बंड्या पाच महिन्यांचा. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि बघता बघता गेला. पण याचा लॅब-बीगलशी काय संबंध?

घार:
ब्रीडशी नाही, रविवारशी आहे. पार्व्हो होता का?

तिरपागडा:
हो, टेस्टमध्ये तेच आलं. पण फिनाईलने सगळं घर धुऊन काढलंय.

घार:
फिनाईलवर भरवसा ठेवू नका. पार्व्होचा विषाणू चिवट, घरात महिनोन्महिने टिकतो, बाहेर सावलीतल्या ओल्या मातीत त्याहून जास्त. आधी साबणाने घाण काढा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं फरशी ओली राहू द्या. फिनाईल किंवा ॲसिडमध्ये ब्लीच मिसळू नका. बंड्याची गादी, कापडी खेळणी टाकून द्या. अंगणातली माती मात्र अशी धुता येत नाही.
म्हणून कोवळं पिल्लू आत्ता नकोच. लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर दोन-चार आठवड्यांनी द्यावी लागते, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. एका इंजेक्शनवर विसंबून राहता येत नाही.

हुप्प्या:
मग मांजर आणा, प्रश्नच मिटला.

घार:
मिटत नाही. पार्व्होचे आताचे प्रकार मांजरांनाही लागू शकतात. आणायचंच तर पूर्ण लसीकरण झालेलं.

मीच_ती:
म्हणजे मोठा, लसी झालेला कुत्रा दत्तक. मी पहिल्यापासून काय म्हणतेय?

घार:
कारण वेगळं होतं तुमचं, पण हो, तेच.

तिरपागडा:
एका ठिकाणी पिल्लू पाच आठवड्यांचं आहे. ते म्हणतात, पहिली लस झालीये, काही होत नाही.

घार:
पाच आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडतायत, तिथेच काय ते कळलं. आठच्या आत देऊच नये. रविवार रद्द करा.

तिरपागडा:
बरं, रद्द. पण मोठा कुत्रा मुलीला चावला तर?

सोनचाफा:
आणण्याआधी मुलीसोबत दोन-तीनदा भेटवा, तिथल्या लोकांना विचारा तो मुलांबरोबर राहिलाय का. घरी आल्यावर तो खात किंवा झोपला असेल तेव्हा तिने जवळ जायचं नाही. दोघांना एकटं तर सोडूच नका, मग तो कितीही गुणी वाटो.

आजोबा_ऑनलाइन:
त्यापेक्षा मासे पाळा. पाणी रोज बदलावे.

मीच_ती:
काका, रोज सगळं पाणी बदललंत तर मासेही जातील! थोडं थोडं बदलतात, आठवड्यातून एकदा.

हुप्प्या:
अवांतर: छोट्या टाकीला फिल्टर कोणता चांगला? आमच्याकडचा फार आवाज करतो.