टोकामॅकच्या कॉइली न्यूरल नेटवर्कच्या हाती द्याव्यात का?

चुंबकवेडा: माझं मत, द्याव्यात. टोकामॅक म्हणजे तापलेला प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) कॉइलींच्या चुंबकत्वाने धरून ठेवणारं अणुसंलयनाचं यंत्र. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या टीसीव्ही टोकामॅकवर गुगलची एआय कंपनी डीपमाइंड आणि स्विस प्लाझ्मा सेंटरने हे केलंय, २०२२ मध्ये निबंधही आला. ९२ मोजमापं आत, १९ कॉइलींना व्होल्टेजचे हुकूम बाहेर, सेकंदाला १०,००० वेळा. जुन्या पद्धतीत आधी मोजमापांवरून प्लाझ्माचा आकार काढा, मग जागा, प्रवाह, आकार यांचे पीआयडी (लक्ष्यापासूनची चूक पाहून दुरुस्ती करणारे नेहमीचे कंट्रोलर) जुळवा. नवा आकार हवा की पुन्हा जुळवाजुळव. इथे लक्ष्य सांगायचं, सराव सिम्युलेटरमध्ये होतो. एकाच पात्रात दोन प्लाझ्माही धरले.

पीआयडीवाला: प्लाझ्मा पेटवला कोणी? जुन्याच कंट्रोलरने. ठरलेल्या क्षणी ताबा नेटवर्ककडे गेला. आणि त्या नेटवर्कला मागची चूक साठवायची सोय नव्हती. पीआयडीतला ‘आय’ नेमकं तेच करतो. तो नसला की प्लाझ्माप्रवाह लक्ष्याच्या जरा खाली स्थिरावतो आणि तिथेच राहतो.

चुंबकवेडा: मान्य, पण २०२३ च्या पुढच्या कामात साचलेली चूकच इनपुट म्हणून दिली, सरावाचा वेळही बराच घटला.

पीआयडीवाला: म्हणजे ‘आय’ मागच्या दाराने आला! सिम्युलेटरचं काय? प्लाझ्माचा रोध, दाब यांचे नेमके आकडे त्याला कुठे ठाऊक? म्हणून सरावात ते बदलत ठेवावे लागले. काही पॉवर सप्लाय शून्य प्रवाहाजवळ अडकतात, तेव्हा तिथे रेंगाळल्यास दंड लावला. हे माणसानेच हेरलं ना?

त्रयस्थ: दोघेही सर्वांत वेगवान नियंत्रण-लूपवरच, म्हणजे कॉइलींवरच भांडताय. सॅन दिएगोच्या डीआयआयआय-डी टोकामॅकवर (निबंध २०२४) नेटवर्क टेअरिंग अस्थिरतेचा (प्लाझ्माला धरणाऱ्या चुंबकीय रेषा फाटण्याचा) धोका ३०० मिलिसेकंद आधी ओळखून प्लाझ्मा तापवणाऱ्या बीमची शक्ती आणि आकाराचं लक्ष्य बदलतं. कॉइली नेहमीची यंत्रणाच सांभाळते. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ईटर या महाकाय टोकामॅकसाठी मला हीच वाटणी पटते: १५ मेगाअँपिअरचा प्लाझ्मा कोसळला तर उष्णता आणि चुंबकीय बल भिंतीवर येतं, तिथे चुकत शिकणं परवडणार नाही.

पीआयडीवाला: ही वाटणी चालेल. पण एक चुंबकीय प्रोब (चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर) मेला तर? आकार काढताना त्याचं वजन शून्य करून शॉट (प्लाझ्माचा एक प्रयोग) चालू ठेवता येतो. ९२ इनपुटांवर शिकलेलं नेटवर्क ९१ वर काय करेल, कोण सांगणार?

चुंबकवेडा: सरावात अधूनमधून प्रोब बंद ठेवायचे, मग तेही शिकतं.

पीआयडीवाला: कुठला मरणार हे आधी कळत असेल तर ठीक. दोन एकदम गेले तर?