ब्रिज : बचावात पानं मोजायची सवय कशी लावावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी आणि माझा भिडू हौसेने ब्रिज हा पत्त्यांचा खेळ खेळतो. स्टेमन, ब्लॅकवुड, ट्रान्सफर एवढे बोलीचे संकेत ठरलेले आहेत, त्यात सध्या भर नको. यंदा फक्त बचाव, म्हणजे समोरच्यांची बोली हाणून पाडायचा खेळ, सुधारायचा आहे, कारण निम्मे डाव तिथेच असतात.

समोरच्याने मोठ्या पानांच्या १५ ते १७ गुणांवर एक नोट्रम्पने (हुकुमाविना बोली) सुरुवात करून तीन नोट्रम्प गाठले, की मी लांब रंगातलं वरून चौथं पान उतरतो. डमी (बोली जिंकणाऱ्याच्या भिडूची पानं) उघडली की एकूण ४० गुणांमधून भिडूचे गुण साधारण किती उरले, तेही काढता येतं. पण रंगांची वाटणी सात-आठ हातांनंतर डोक्यातून निसटते. चारही रंग मोजावेत, की आधी बोली जिंकणाऱ्याचा लांब रंगच धरावा? आणि भिडूला खुणेचं पान देताना आधी त्या रंगाची पसंती दाखवावी की त्यातल्या आपल्या पानांची संख्या?

आमची पन्नाशी उलटली आहे. पण २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन यांनी साठाव्या वर्षी शिबनाथ सरकारांच्या साथीने सुवर्ण जिंकलं, त्यामुळे उमेद आहे.

आणखी एक, मला फार महत्त्वाचं : फसलेल्या डावाची चर्चा तुम्ही भिडूशी लगेच करता, की खेळ संपल्यावर?