इयान चार्ल्सन यांचे खरे कर्तृत्व कोणते: पडद्यावरचे की रंगमंचावरचे?

नेपथ्य : एडिंबरात १९४९ साली जन्मलेल्या या स्कॉटिश अभिनेत्याला आपण ‘गांधी’ (१९८२) चित्रपटातील चार्ली अँड्र्यूज म्हणून, म्हणजे आगगाडीच्या टपावर चढून बसणारे ते पाद्री म्हणून ओळखतो, जगाला ते ‘चॅरियट्स ऑफ फायर’मधील (१९८१) धावपटू एरिक लिडल म्हणून आठवतात. या दोन भूमिकांनी त्यांचे मोठेपण झाकले, असे माझे ठाम मत आहे. १९८९मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये डॅनियल डे-लुईस यांनी हॅम्लेटचा प्रयोग अर्ध्यावर सोडला आणि पुढे ती भूमिका चार्ल्सन यांच्याकडे आली, तेव्हा एड्सने त्यांचे शरीर पोखरले होते. ती त्यांनी नोव्हेंबरपर्यंत पेलली. ६ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या ४०व्या वर्षी, ते गेले.

रसिक_पुणे : मी सहमत नाही. जो प्रयोग आपल्यापैकी कोणीही पाहिला नाही, त्याला सर्वश्रेष्ठ ठरवताना आपण अभिनयाचे मोल करतो की मरणाच्या दारातल्या धैर्याचे? लिडलच्या भूमिकेत मात्र पुरावा समोर आहे. शर्यतीनंतर पावसात जमावापुढे लिडल जे बोलतात, ते भाषण चार्ल्सन यांनी बायबल वाचून स्वतः लिहिले होते, आणि म्हणूनच त्यात उपदेशकाचा सूर कुठेही लागत नाही. एवढा संयम मला पडद्यावर क्वचितच दिसला आहे.

नेपथ्य : पुरावा केवळ फितीचाच का मानावा? स्वतः हॅम्लेट केलेल्या इयान मॅकेलन यांना त्या वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या मानाचे खरे धनी चार्ल्सन आहेत असे सांगून त्यांनी तो त्यांना देऊन टाकला. तिशीच्या आतील नटांना अभिजात नाटकांतील कामासाठी १९९१पासून दिला जाणारा पुरस्कारही चार्ल्सन यांच्याच नावाचा आहे.

रसिक_पुणे : मॅकेलन मित्रही होते, हे विसरू नये. शिवाय त्यांच्या हातून झालेला गौरव जितका नटाचा, तितकाच माणसाचा होता.

मावळती : या वादात एक गोष्ट निसटते आहे. आपल्या मृत्यूचे कारण जाहीर करावे, अशी इच्छा चार्ल्सन यांनी स्वतः व्यक्त केली होती. हा आजार म्हणजे कलंक मानला जाण्याच्या त्या काळात ब्रिटिश नाट्यसृष्टीतील एखाद्या प्रसिद्ध नटाच्या बाबतीत असे उघडपणे सांगितले जाणे अभूतपूर्व होते. तेव्हा धैर्य वेगळे काढून अभिनय तोलण्याचा रसिक यांचा आग्रह मला तरी पटत नाही.

रसिक_पुणे : त्या निर्णयापुढे मी नतमस्तक आहे. तरीही ते आजारी पडले नसते, तर त्यांचा हॅम्लेट आपण याच शब्दांत गौरवला असता का, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.