अनवाणी पळून पिंढऱ्या भरल्या, सराव सोडू का?

जांबोटीचा पोरगा
भरतीची तयारी करूलालोय. 1600 मीटर पळताना टाच आपटते, नडगी दुखते. मित्र म्हणाला अनवाणी पळ, पाऊल सुधारतं. परवा डांबरी रस्त्यावर एकदम 5 किलोमीटर पळालो. आता पायरी उतरायला येईना. सोडून देऊ काय?

टिळकवाडीचे काका
सोडू नको बाळा. दुखणं पूर्ण जाईपर्यंत नुसतं चाल. बूट नसला की टाच आपटणं सोसत नाही, म्हणून पाऊल पुढच्या बाजूनं पडतं आणि भार पिंढरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर येतो. बुटाची सवय असलेली पिंढरी एका दिवसात 5 किलोमीटर कशी पेलणार?

मी बावन्नाव्या वर्षी हे शिकलो, बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात झाडांखाली. रात्री पाऊस पडून गेलेला. पळून आलो आणि मागं वळून माझेच ठसे बघितले. प्रत्येक पावलात टाचेचा खड्डा, त्यात पाणी साठलेलं. पावलं आखूड केली, पाय पुढं न फेकता अंगाखाली टाकला. तिसऱ्या फेरीला खड्डे उथळ झाले, धप्प धप्प आवाजही गेला. तो आवाज ऐकायला शिक, घड्याळ नंतर.

आठवड्यातून दोनदा, मातीवर, शंभर मीटरच्या चारच फेऱ्या. महिनाभर एवढंच. बाकी सराव बुटातच. आणि पंजावर नाचत राहू नको, पुढचा भाग टेकला की टाच हलकेच खाली येऊ दे. भात कापलेल्या शेतात मात्र जाऊ नको, धसकटं घुसतात.

आबेबे बिकिलानं 1960 ला रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली, हे सगळे सांगतात. 1964 ला टोकियोत तोच बूट घालून जिंकला, हेही लक्षात ठेव.

निपाणीची ताई
काकांचं बरोबर आहे. एक जपा: पावलाच्या वरच्या बाजूला हाडावर बोट दाबलं आणि एकाच ठिकाणी कळ आली तर पळणं त्याच दिवशी बंद, डॉक्टरांना दाखवा. मी स्नायू असेल म्हणून पंधरा दिवस ओढलं. हाडाला बारीक चीर निघाली, अख्खा उन्हाळा बसून गेला.

जांबोटीचा पोरगा
दाबून बघितलं ताई, हाडावर कळ नाही, पिंढरीच दुखते. काका, आमच्या घरामागं खळं आहे, शेणानं सारवलेलं, पण पंधरा पावलांचंच. चालेल?

टिळकवाडीचे काका
उत्तम! फेऱ्या मारताना वळणावर हळू हो. आणि आईला आधी विचार, आत्ताच सारवलं असेल तर.