मदत हवी आहे: सावरडो स्टार्टर बंद करायचाय

पाव फुगवायला यीस्टच्या पुडीऐवजी घरी आंबवून जिवंत ठेवलेलं मैदा-पाणी, म्हणजे सावरडो स्टार्टर. तो बंद करायचं ठरवलं आणि एकदम मोकळं वाटलं. बरणीत २०० ग्रॅम स्टार्टर आहे, मैदा आणि पाणी समसमान. स्वयंपाकघरात ३२ अंश. सगळा टाकून देऊ की थोडा साठवता येईल? आणि अधूनमधून पाव करायचा झाला तर स्टार्टरशिवाय तशी जाळी पडते का?

प्रतिसाद १
मोकळं वाटणारच. ५० ग्रॅम स्टार्टर जिवंत ठेवायला ५० मैदा, ५० पाणी घालायचं, दिवसातून दोनदा. म्हणजे महिन्याला तीन किलो मैदा. ३२ अंशाला तो तीन-चार तासांत फुगून खाली बसतो, मग नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आणि वर करडं पाणी. विरजण घरात टिकतं कारण दही रोज खाल्लं जातं. पाव आठवड्याला एक होत असेल तर ही रोजची उस्तवार सोडलीत ते उत्तम.

टाकण्याआधी दोन चमचे वाळवा. मैदा-पाणी घालून फुगला, की बसायच्या आत बटर पेपरवर अगदी पातळ पसरा. पंख्याखाली एक-दोन दिवस. ओव्हनमध्ये नको, फार उष्णतेने यीस्ट मरतं. कागदापासून सुटून कुरकुरीत मोडला पाहिजे. वाकला तर ओल आहे, बुरशी धरेल. कोरड्या बरणीत महिनोन्महिने राहतो. पुन्हा हवा झाला तर १० ग्रॅम चुरा २० ग्रॅम कोमट पाण्यात भिजवून १० ग्रॅम मैदा घाला, मग रोज मैदा-पाणी. तीन-चार दिवसांत फुगायला लागतो.

प्रतिसाद २
उरलेला सिंकमध्ये ओतू नका, पाइपात चिकटतो. बेसन, कांदा, मिरची घालून धिरडी करा. फार आंबट असेल तर चिमूटभर सोडा, तोही अगदी शेवटी. गुलाबी किंवा केशरी रेघ दिसली तर मात्र सगळं कचऱ्यात, वाळवायचंही नाही.

प्रतिसाद ३
जाळी पडते. ४०० ग्रॅम मैदा, ८ ग्रॅम मीठ, १ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. पाणी २७० ग्रॅमपासून सुरू करा, आपल्या साध्या मैद्यात ग्लुटेन (पीठ ताणून धरणारं प्रथिन) कमी, ३०० घातलं तर गोळा पसरतो. नुसतं कालवा, दोन तास बाहेर, मग रात्रभर फ्रिजमध्ये. चव तिथेच येते. बिडाचं झाकणाचं भांडं अर्धा तास तापवून २३० अंशाला २५ मिनिटं झाकून, १५ मिनिटं उघडं. आंबटपणा हवा तर थोड्या पाण्याऐवजी आंबट दही, कारण तो यीस्टचा नसून जिवाणूंचा असतो.

धागाकर्ती
कडा मोडतायत, मध्ये अजून वाकतोय. बरणीत भरू?

प्रतिसाद १
नको. सोडवून उलटा पसरा, रात्रभर पंख्याखाली राहू दे.