सैतानाचं पतन: शास्त्रात नेमकं कुठं आणि किती लिहिलंय?

गोदाकाठ_शहागड
सर्वांना सलाम. येत्या रविवारी तरुण संघात "सैतान स्वर्गातून कसा पडला" हा पाठ घ्यायचाय, वेळ ४५ मिनिटं. जुन्या टिपणात सरळ गोष्ट आहे: लूसिफर नावाचा मोठा देवदूत, त्याचा गर्व, बंड, तिसरा हिस्सा देवदूत त्याच्या मागं, मग एदेन बाग. बायबलमधली वचनं दिलीत यशया १४, यहेज्केल २८, लूक १०:१८, प्रकटीकरण १२. पण अध्याय उघडले की संदेष्टा यशया बाबेलच्या राजाला बोलतोय आणि यहेज्केल सोरच्या. पोरं अकरावी-बारावीची आहेत, वचन काढून विचारणारच. ही गोष्ट अशी सलग कुठं आहे? आणि सुरुवात कुठून करू?

जालना_शास्त्रवाचक
सलग कुठंच नाही. हे आधी पोरांना मोकळेपणानं सांगा.

यशया १४:४ मध्येच लिहिलंय की हे गीत बाबेलच्या राजावर म्हणायचं. वचन १२ मधला इब्री शब्द 'हेलेल बेन शाहार', म्हणजे चमकणारा, पहाटेचा पुत्र. आपली शुक्राची चांदणी. रात्रीच्या लाईटवर ज्वारीला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला ती पहाटे पूर्वेला दिसते. सगळ्या ताऱ्यांत ठळक, भराभर वर चढणारी, पण माथ्यावर यायच्या आत उजाडतं आणि ती विरून जाते. आकाशात शुक्र सूर्यापासून साधारण ४७ अंशांपलीकडे जातच नाही, म्हणून अंधार आहे तोवर तो माथा गाठत नाही. आता वचन १३-१४ वाचा: मी वर चढेन, माझं सिंहासन उंच करीन, मी बसेन, मी मेघांवर जाईन, मी परात्परासारखा होईन. पाच वेळा 'मी', आणि १५ ला थेट अधोलोक. वचन ११ मध्ये त्याच्या खाली किड्यांचं अंथरूण, आणि १६ मध्ये बघणारे विचारतात की हाच का तो मनुष्य? 'मनुष्य' हा शब्द पोरांना बोट ठेवून दाखवा.

'लूसिफर' आला जेरोमच्या लॅटिन बायबल भाषांतरातून, सुमारे इ.स. ४०० च्या. लॅटिनमध्ये तो साधा शब्द आहे, प्रकाश आणणारा, पहाटेचा तारा. त्याच भाषांतरात २ पेत्र १:१९ मध्ये हाच शब्द चांगल्या अर्थानं आलाय. आणि प्रकटीकरण २२:१६ मध्ये येशू स्वतःला पहाटेचा तेजस्वी तारा म्हणतो. हे सैतानाचं नाव धरून बसलं की तिथं गोंधळ होतोच.

नांदेड_बायबलक्लास
यहेज्केलाचं मी जोडतो. अध्याय २६ पासून २८:१९ पर्यंत सगळं सोर या व्यापारी बंदरावर आहे. २८:२ मध्ये "तू मनुष्य आहेस, देव नाहीस" असं स्पष्ट आहे. लोक अडकतात ते वचन १३-१४ मधल्या एदेन आणि करूबापाशी (करूब म्हणजे पंख असलेला स्वर्गीय सेवक). पण ३१ व्या अध्यायात फारोला, म्हणजे मिसरच्या राजाला, सांगताना एदेन बागेतली झाडंसुद्धा येतात, म्हणजे एदेन आलं की सैतानच, असं नाही. शिवाय वचन १६ आणि १८ मधला आरोप व्यापारातल्या जुलमाचा आणि अन्यायाचा आहे. तो बंदराच्या राजाला नेमका बसतो.

लूक १०:१८ एकटं वाचू नका, १७ पासून घ्या. सत्तर शिष्य (काही जुन्या प्रतींत बाहत्तर) परत येऊन सांगतात की भुतंही आम्हाला वश होतात, त्यावर येशूचं हे उत्तर आहे. ग्रीक क्रियापद "मी पाहत होतो" अशा रूपात आहे. म्हणून बऱ्याच अभ्यासकांना हे पतन त्या सेवाकार्यातच चाललेलं दिसतं. योहान १२:३१ सोबत ठेवा: "आता" या जगाचा अधिकारी बाहेर टाकला जाईल.

प्रकटीकरण १२ मध्ये क्रम बघा. वचन ५ मध्ये बाळ, म्हणजे ख्रिस्त, देवाच्या सिंहासनाकडे उचललं जातं, ७ ते ९ मध्ये देवदूत मीखाएलचं युद्ध आणि अजगराचं, म्हणजे सैतानाचं, पतन. म्हणजे अध्यायाच्या क्रमानं पतन ख्रिस्तानंतर येतं, एदेनच्या आधी नाही. तिसरा हिस्सा वचन ४ मधला, आणि तिथं शब्द 'तारे' आहे.

वैजापूर_वाचन
सगळं पटतं, पण जुना अर्थ सरसकट फेकू नका ही कळकळीची विनंती. तिसऱ्या शतकात ओरिजेन या मंडळीच्या शिक्षकानं यशया १४ आणि यहेज्केल २८ हे दोन्ही अध्याय सैतानाला लावले. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विननं यशयाबाबत तो अर्थ ठामपणे नाकारला, हेही खरं. पण पतनाची शिकवण या दोन अध्यायांवर उभी नाही. पाप केलेल्या देवदूतांबद्दल २ पेत्र २:४ आणि यहूदा ६ आहेत, गर्वाचा इशारा १ तीमथ्य ३:६ मध्ये आहे. १२१५ च्या रोममधल्या लॅटरन धर्मसभेनं एवढंच म्हटलं की देवानं सैतान आणि इतर दुष्टात्मे स्वभावानं चांगले घडवले, ते स्वतःहून वाईट झाले. राजांच्या गर्वात सैतानाचं चित्र दिसतं असं म्हणा, चालतं. राजाला पुसून टाकू नका.

गोदाकाठ_शहागड
आभार. ईयोबाचं पुस्तक घ्यावं का? तिथं तर सैतान देवापुढं हजर आहे.

जालना_शास्त्रवाचक
घ्याच. ईयोब १-२ मध्ये इब्रीत 'हा-सातान' आहे, 'तो विरोधक', दरबारातल्या फिर्यादीसारखं पद. इब्रीतला 'हा' म्हणजे इंग्रजीतल्या 'the' सारखं उपपद. मराठीत तो 'हा' निघून जातो आणि नुसतं नाव उरतं. जखऱ्या ३:१ मध्येही तसंच. १ इतिहास २१:१ मध्ये मात्र 'हा' शिवाय येतो.

४५ मिनिटं अशी वाटा. ईयोब १:६-१२ आणि जखऱ्या ३:१-२ ला १० मिनिटं, म्हणजे 'आरोप करणारा' हे काम लक्षात येईल. मग लूक १०:१७-२० ला १०. प्रकटीकरण १२:५-११ ला १५, कारण वचन १० मध्ये पडलेल्याला "आमच्या बंधूंना दोष देणारा" म्हटलंय आणि ईयोबाचा धागा तिथं येऊन मिळतो. यशया शेवटी, उरलेल्या १० मिनिटांत, वचन ४ पासून २० पर्यंत सलग वाचून. यशया आधी घेतला तर लूसिफरची गोष्ट डोक्यात बसते आणि पुढचं प्रत्येक वचन पोरं तिच्यातच कोंबतात. यहेज्केल पुढच्या रविवारी ठेवा, त्याला २६ व्या अध्यायापासून सुरुवात लागते.